चार आठवड्यांचं सर्टिफिकेट

गेल्या रविवारी पुतण्याचा फोन आला. इकडच्या तिकडच्या चार गोष्टी झाल्या, माझ्या गुडघ्यांची चौकशी झाली आणि मग गाडी मूळ मुद्द्यावर आली. "काकू, तू जातेस ना त्या मानवाधिकारवाल्यांकडे, तिथे आपल्या छोटीला मे महिन्यात घेतील का गं? कॉलेजला सर्टिफिकेट लागतं. रोज नाही आली तरी चालेल ना? तू आहेसच तिथे."

हे "तू आहेसच तिथे" मला जरा बोचलं. चौतीस वर्षं शाळेत काढली, तेव्हा पालक अगदी याच सुरात म्हणायचे, "बाई, तुम्ही आहातच." म्हणजे पुढचं काय ते आपण समजून घ्यायचं! "विचारून सांगते" म्हणून मी फोन ठेवला खरा, पण विचारणार कुणाला? आमच्याकडे इंटर्न म्हणून कुणाला घ्यायचं आणि त्यांना काय काम द्यायचं, हे बघायचं काम गेली तीन वर्षं माझ्याच गळ्यात आहे. तेव्हा म्हटलं, जे वाटतं ते एकदा सविस्तर लिहूनच टाकावं. पुतण्याला सांगून लिहिते आहे. नातेवाईक मंडळींनी त्याला फोन करून छळू नये.

आधी संस्थेविषयी थोडं. नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की एक तर कौतुक होतं, नाहीतर शिव्या मिळतात, आणि दोन्हीचा कामाला काही उपयोग नसतो. ठाण्याला कोर्टनाक्यापासून चालत दहा मिनिटांवर एका जुन्या इमारतीत दोन खोल्या. दोन वकील आणि एक कार्यकर्ता, एवढीच पगारी माणसं. (पगार काय आहे ते ऐकलंत तर 'पगारी' हा शब्द मागे घ्याल.) काम कच्च्या कैद्यांचं. म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबित झालेला नाही, खटला चालू आहे किंवा सुरूसुद्धा झालेला नाही, पण माणूस आत आहे. आमचे धाकटे दीर म्हणतात, "वहिनी, गुन्हेगारांचे कसले लाड करता?" त्यांना मी दर वेळी एकच आकडा सांगते. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत जेवढी माणसं होती, त्यांतली दर शंभरातली पंचाहत्तर माणसं अशी कच्ची होती. हा सरकारचाच आकडा, आमचा नव्हे.

मी तिथे गेले २०१६ साली, तेही योगायोगाने. वाचनालयात एक ओळखीचे वकील भेटले. म्हणाले, "बाई, तुरुंगातून पत्रं येतात ती आम्हाला लागत नाहीत हो." आमच्या वकिलांचं शिक्षण इंग्रजीतून झालेलं, आणि पत्रं लिहिणारा चौथी-पाचवीत शाळा सोडलेला. काना मात्रा वेलांटी सगळं हवेत, दोन शब्दांत जागा नाही, कागदाच्या दोन्ही बाजूंनी लिहिलेलं, वर तुरुंगाचा शिक्का नेमका मजकुरावर. मला काय, आयुष्यभर रात्री जागून साठ-साठ उत्तरपत्रिका तपासलेल्या. मी घडाघडा वाचून दाखवलं. तेव्हापासून मंगळवार आणि शुक्रवार डोंबिवलीहून लोकलने ठाण्याला जाते. पत्रं वाचायची, आवक रजिस्टरमध्ये चढवायची, स्वच्छ अक्षरात नक्कल करून वकिलांच्या ट्रेमध्ये ठेवायची, उत्तर लिहायचं, जावक क्रमांक टाकायचा. गेली नऊदहा वर्षं मी एवढंच करते. कुणाला वाटतं मी तुरुंगात जाऊन कैद्यांना कीर्तन सांगते!

या पत्रांतून मला जे पहिल्यांदा कळलं ते असं, की जामीन मंजूर होणं आणि माणूस बाहेर येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोर्ट म्हणतं पंधरा हजारांचा जामीनदार द्या. जामीनदार म्हणजे कुणीतरी उभा राहायला हवा, त्याच्याकडे रेशनकार्ड, पगाराची स्लिप, सातबारा, काहीतरी हवं. आणि शक्यतो तो इथलाच हवा. वीटभट्टीवरच्या माणसाला इथला जामीनदार कुठून मिळणार? त्याचं सगळं गणगोत गावाकडे. आता हा प्रश्न काही नवीन नाही. १९७८ साली मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याची केस सुप्रीम कोर्टात गेली होती. दहा हजारांचा जामीन सांगितलेला, आणि भाऊ जामीनदार म्हणून उभा राहिला तर तो दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून चालला नाही. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तेव्हाच खालच्या कोर्टांचे कान उपटले, की गरिबाला जातमुचलक्यावर सोडता येतं आणि परजिल्ह्यातला म्हणून जामीनदार नाकारणं बरोबर नाही. पुढे जानेवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाला पुन्हा सांगावं लागलं, की जामीन मिळूनही सात दिवसांत माणूस सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं, महिन्यात जामीनदार मिळाला नाही तर कोर्टाने स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करावा. म्हणजे पंचेचाळीस वर्षांनी धडा तोच. हे मी नापास झालेल्या वर्गाबद्दल बोलावं तसं बोलते आहे, पण काय करणार.

आता मूळ गोष्टीकडे येते. ही गोष्ट मी आजवर घरात कुणाला सांगितलेली नाही.

२०२२ च्या मे महिन्यात आमच्याकडे एक मुलगा इंटर्न म्हणून आला. परगावच्या नामांकित लॉ कॉलेजातला, हुशार, अतिशय सालस. स्वतःची पाण्याची बाटली भरताना माझीही भरून आणणारा. त्याच्याकडे एका माणसाची फाइल दिली. चोरीचा आरोप, नोव्हेंबरमध्ये अटक, मार्चमध्ये जामीन मंजूर, आणि जामीनदार नाही म्हणून मे उजाडला तरी आतच. भाऊ जालन्याकडे, दीड एकर जमीन, पण 'लोकल नाही'. आई भिवंडीजवळ वीटभट्टीवर. ती ऑफिसात यायची, बाकावर अंग चोरून बसायची. या मुलाने तिच्याशी फार आपुलकीने बोलणं केलं. कागद जमवले, अट कमी करण्याचा अर्ज वकिलांकडून तयार करून घेतला, तिला स्वतःचा मोबाइल नंबर दिला. आणि म्हणाला, "मावशी, पुढच्या तारखेला होऊन जाईल."

मे महिन्यात जिल्हा न्यायालयांना उन्हाळी सुट्टी असते, तातडीचं तेवढंच काम चालतं. (इंटर्न नेमके मे महिन्यातच का येतात? कारण कॉलेजलाही तेव्हाच सुट्टी. म्हणजे कोर्ट बघायला येणारी मुलं कोर्ट बंद असताना येतात. यावर कुणी विचार केलाय की नाही देव जाणे.) तारीख जूनमधली पडली. जून उजाडायच्या आत मुलाचे चार आठवडे संपले. त्याने बावीस पानांचा सुरेख इंग्रजी अहवाल लिहिला, आम्ही सर्टिफिकेट दिलं, मी लाडू दिले, आणि तो दिल्लीला दुसऱ्या इंटर्नशिपला गेला.

जूनच्या मध्यावर त्या माणसाचं पत्र आलं. "दादा म्हनले व्हते पुढच्या तारखेला व्हईल. तारीख झाली. मला कोर्टात नेलं नाही. आईला सांगा." मी वाचलं, नक्कल केली, आणि त्या मुलाला फोन केला, कारण फाइल त्याच्याकडे होती. तो म्हणाला, "बाई, मी आजच सरांशी बोलतो, काळजी करू नका." आणि मी रजिस्टरमध्ये त्या पत्रापुढे लिहिलं: उत्तर दिले. वर बरोबरची खूण. चौतीस वर्षांची सवय, हातात लाल पेन असलं की खूण होतेच.

उत्तर कुणीच दिलं नव्हतं. मुलगा नव्या ऑफिसात रुळत होता, राहून गेलं. वकील सरांना वाटलं मुलाने काम पूर्ण केलंय. पाऊस सुरू झाला तशी वीटभट्टी बंद झाली, आई गावी गेली. तिच्याकडे नंबर होता तो त्या मुलाचा, आणि तो दिवसभर दुसऱ्यांच्या कामात, अनोळखी नंबर उचलेना. सप्टेंबरात वार्षिक अहवालासाठी मी रजिस्टर उलटं चाळत होते, जावक क्रमांक जुळवत होते. त्या एका नोंदीपुढे जावक क्रमांकच नव्हता. पोटात गोळा आला. दुसऱ्याच दिवशी सरांनी चौकशी केली. माणूस तिथेच होता. अर्जावर जूनच्या तारखेला आमच्याकडून कुणी उभंच राहिलं नव्हतं. नवीन अर्ज झाला, कोर्टाने रोख रक्कम कमी करून घेतली, आणि दिवाळीच्या आधी तो सुटला. जूनमध्ये सुटू शकला असता तो ऑक्टोबरात सुटला. चार महिने. ज्या चोरीसाठी तो आत होता तिची शिक्षाच मुळी जास्तीत जास्त तीन वर्षं, आणि तीही शाबित झाली तर.

सुटल्यावर मायलेक ऑफिसात आले. तिने मला काही बोल लावला नाही. तो दादा कुठाय, पास झाला का, एवढंच विचारलं.

आता कुणी म्हणेल, बाई, एका पोरावर खापर फोडता. मुळीच नाही. खूण मी केली होती. मुलगा वीस वर्षांचा, मी सत्तर वर्षांची, आणि रजिस्टर माझं. त्याने नंतर मला लांबलचक पत्र लिहून माफी मागितली, मलाच ओशाळल्यासारखं झालं. माझं भांडण आहे ते या चार आठवड्यांशी.

हे चार आठवडे आले कुठून, तेही शोधलं. बार कौन्सिलचे कायदेशिक्षणाचे नियम आहेत २००८ चे. तीन वर्षांच्या कोर्सला एकूण निदान बारा आठवडे आणि पाच वर्षांच्या कोर्सला वीस आठवडे इंटर्नशिप करायची. वकिलाकडे, कोर्टात, कंपनीत, किंवा आमच्यासारख्या संस्थेत. आणि एका वर्षात सलग चार आठवड्यांहून जास्त नाही. हेतू चांगलाच असणार, अभ्यास बुडू नये म्हणून. पण यात कुठेही असं म्हटलेलं नाही, की दर वर्षी नव्या ठिकाणी जा! वीस आठवडे म्हणजे चाराचे पाच हप्ते. त्यातला एखादा कोर्टात उभ्या राहणाऱ्या वकिलांकडे द्यावा लागतो, तो द्यावा. उरलेले चार हप्ते एकाच ठिकाणी का देऊ नयेत? पहिल्या वर्षी ज्या फाइलवर नक्कल केली, तिचं पुढे काय झालं हे दुसऱ्या वर्षी कळेल. पण मुलांना सांगितलेलं असतं, की बायोडाटावर पाच नावं दिसली पाहिजेत. एक दिल्लीचं, एक मोठ्या फर्मचं, एक 'ह्यूमन राइट्स'चं. आम्ही म्हणजे त्या ताटातली कोशिंबीर.

दुसरी बाजूही आहे, ती नाकारत नाही. आमचे सर म्हणतात, "बाई, हीच मुलं उद्या वकील होणार, न्यायाधीश होणार. आधारवाडीच्या तुरुंगाबाहेर मुलाखतीच्या रांगेत सकाळपासून उभी राहिलेली बाई एकदा पाहिली, तर जामिनाचा हुकूम लिहिताना त्यांचा हात थोडा वेगळा चालेल." खरं आहे. १९७९ च्या जानेवारीत वर्तमानपत्रात आलेल्या के. एफ. रुस्तमजींच्या लेखांमुळे बिहारच्या कच्च्या कैद्यांचा प्रश्न हुसैनारा खातून खटल्याच्या रूपाने सुप्रीम कोर्टात गेला. रुस्तमजी काही चळवळीतले नव्हते, सगळी नोकरी पोलिसात केलेला माणूस. पण तुरुंग डोळ्यांनी बघितला आणि गप्प बसवलं नाही. बघण्याने फरक पडतो. पण आमच्या बाकावर बसलेल्या बाईला कुणी विचारलं का, की तुझ्या मुलाच्या फाइलवर एकाला शिकू देऊ का? विद्यार्थ्याच्या शिक्षणाची फी ती भरत असते, हे निदान आपल्याला माहीत असावं.

त्या प्रसंगानंतर आमच्याकडे थोडं बदललं. इंटर्नने स्वतःचा नंबर कुणाला द्यायचा नाही, ऑफिसचाच द्यायचा. तारखेचं वचन द्यायचं नाही. जावक क्रमांक पडल्याशिवाय मी 'उत्तर दिले' लिहीत नाही, कुणीही कितीही खात्रीने सांगो. आणि चार आठवड्यांच्या मुलांना चार आठवड्यांत पुरं होईल असंच काम. उदाहरणार्थ, जुलै २०२४ पासून नवा फौजदारी प्रक्रियेचा कायदा लागू झालाय. त्याच्या ४७९ कलमाप्रमाणे पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला सोडायला हवं. आधीच्या कायद्यात सगळ्यांनाच निम्मा काळ होता. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही, एकाहून जास्त खटले असतील तरी नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की जुलैच्या आधीच्या कैद्यांनाही याचा फायदा द्या. आता हे काम म्हणजे पाचवीचं गणित. अटकेची तारीख, कलम, जास्तीत जास्त शिक्षा, भागिले तीन. साध्या चोरीला तीन वर्षं म्हणजे एक वर्ष, घरात शिरून केलेल्या चोरीला सात म्हणजे दोन वर्षं चार महिने. सोबत कोर्टाच्या संकेतस्थळावर खटल्याचा सोळा अक्षरी क्रमांक घालून पुढची तारीख बघायची आणि तक्त्यात भरायची. मुलं सुरुवातीला नाक मुरडतात. त्यांना 'फील्ड'वर जायचं असतं. मग तक्त्यात एखादा असा सापडतो ज्याची तारीख केव्हाच उलटून गेलीय, आणि नाक मुरडणं बंद होतं.

आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त खुपते. फुकट काम कोण करू शकतं? ज्याच्या घरी महिन्याची चिंता नाही तो. गेल्या वर्षी शहापूरकडची एक मुलगी आली होती, आसनगावहून लोकल धरायची. तीन वर्षांचा कोर्स, बोलायला बुजरी, इंग्रजी यथातथा. पण चार्जशीट, पंचनामे, जबाब सगळं मराठीत असतं. नामांकित कॉलेजातली मुलं जिथे अर्धा दिवस अडायची तो पंचनामा ही पंधरा मिनिटांत वाचून म्हणायची, "बाई, पंच दोघंही एकाच पत्त्यावरचे आहेत." भेटायला आलेल्या बायका तिच्याजवळ मोकळ्या बोलायच्या. ती सतरा दिवसांनी बंद झाली. सकाळी ज्या दुकानात कामाला जायची, तिथे खाडे झाले म्हणून पैसे कापले. आम्ही तिला रेल्वेच्या पासाचे पैसेही देऊ शकलो नव्हतो. देणगी देणाऱ्यांना शिबिराचा फोटो हवा असतो, कुणाच्या पासाला पैसे द्यायला ते राजी नसतात. परदेशी पैसा आम्ही कधी घेतला नाही, पण घेणाऱ्या संस्थांनाही २०२० च्या दुरुस्तीनंतर त्यातला वीस टक्क्यांहून जास्त भाग प्रशासनावर खर्च करता येत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की छोट्या संस्थांनी इंटर्न कमी घ्यावेत आणि जे घेतील त्यांना प्रवास आणि जेवण तरी द्यावं. चार फुकट येणाऱ्यांपेक्षा एक शहापूरची, वर्षभर शनिवारी येणारी. आणि माझ्या वयाच्या मंडळींनी यावं. सकाळी मोकळे असता, पेन्शन येते, मोत्याचं अक्षर आहे, क्लार्कला घाबरत नाही. फक्त येताना व्याख्यान घेऊन येऊ नका. एक गृहस्थ आले, पहिल्याच दिवशी कैद्यांसाठी संस्कारवर्ग काढू म्हणाले. मी म्हटलं, आधी ही चाळीस पाकिटं चिकटवा. पुन्हा आले नाहीत.

पुढच्या वर्षी माझी पंचाहत्तरी. हॉल बघणं चालू आहे असं कानावर आलंय, मेनूचीही चर्चा झाली म्हणे. मला हॉल नको. त्या पैशांत शहापूरच्या मुलीचा पास, डबा आणि दुकानात कापला जाणारा पगार असं मिळून बरेच महिने निघतील. हिशोब मी करून ठेवलाय, पुतण्याकडे पाठवते. रुसायचं असेल त्यांनी रुसावं, बासुंदी मी घरी करीन.

आणि छोटीबद्दल. बाळ, तू दुसऱ्या वर्षाला आहेस, म्हणजे तुझे अजून तीन मे शिल्लक आहेत. हा मे ये, पण त्यानंतर महिन्यातले दोन शनिवार आणि पुढचा मेसुद्धा इथेच, असं कबूल असेल तर. नसेल तर राग नाही, दुसरीकडे कर. काकूआजी 'तिथे आहेच' म्हणून सर्टिफिकेट मिळणार नाही. यायचं ठरलं तर मंगळवारी साडेदहाला ठाणे स्टेशनवर कल्याणच्या बाजूच्या पुलाखाली थांब. डबा आण. निळं पेन आण, लाल मी आता ऑफिसात ठेवत नाही. सध्या आवक रजिस्टरमध्ये सोळा पत्रं उत्तराची वाट बघताहेत.